आण्णांचा उजवा पाय

७ सप्टेंबर, रविवार

आज आण्णांनी मला गेममध्येसुद्धा नापास केलं! खऱ्या गाडीला हात लावायचा नाही, आणि खोट्या गाडीत बसले तर तिथंही उतर खाली. कप्पाळ माझं!

झालं असं. काल गणपती गेले आणि त्यांचं टेबल रिकामं झालं. आई म्हणाली, माळ्यावर टाक. मी म्हटलं, थांब. क्लासच्या सरांनी एक कॉम्प्युटर मोडीत काढलाय. मी त्याच क्लासात टायपिंग शिकवते, म्हणजे मोडीवर पहिला हक्क माझाच! तो आज टेबलावर मांडला. मखराच्या लायटिंगच्या माळा वर तशाच आहेत. कॉम्प्युटरची प्रतिष्ठापना केल्यासारखं दिसतंय.

त्यात बस चालवायचा गेम टाकला. सेकंडहँड स्टीअरिंग मदिहानं दिलं. मदिहा म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण, साताऱ्यात तिच्या अब्बांचं रिपेअरीचं दुकान आहे, ती आणि ते मिळून चालवतात. स्टीअरिंगखाली दोन पेडल. ब्रेकची स्प्रिंग ढिली, तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलाय. आणि नकाशा टाकला तो कुणा हौशी माणसानं बनवलेला आपला केळघरचा घाट! महाबळेश्वरातून निघायचं, घाट उतरायचा, मेढ्याच्या स्टँडात लावायची.

आण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले.

"क्लच कुठाय?"

"नाही त्याला."

"मग गिअर कसा टाकतीस? नवस बोलून?"

पहिल्याच वळणाला चित्र अडकलं. गाडी जागेवर थिजली आणि मग एकदम उडी मारून पुढं. पुढं म्हणजे कठड्याच्या पलीकडं! आण्णांचा उजवा पाय खाडकन फरशीवर आपटला.

"नापास. उतर खाली."

खाली कुठं उतरू? खुर्चीवरून उठले.

त्या उजव्या पायाचं प्रकरण लिहायलाच पाहिजे. आण्णांनी सगळी हयात एसटी चालवली. रिटायर झाल्यावर ट्रॅव्हलर घेतली आणि मेढा–महाबळेश्वर वडाप सुरू केलं, म्हणजे सीटा भरल्या की गाडी सोडायची. उन्हाळ्यात मिरजेला डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता क्लच विसरा. तेव्हापासून गाडी दारात ताडपत्रीखाली उभी. मध्ये तानाजीला ड्रायव्हर ठेवला होता. आण्णा त्याच्या शेजारी बसायचे आणि प्रत्येक वळणाला उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबायचे. तिथं ब्रेक नाही, काही नाही, तरी दाबायचे! तानाजी आठवड्यात पळाला. जाताना म्हणाला, "आवं आण्णा, रस्ता बगू का तुमचा पाय बगू?"

आई म्हणते, लग्न झाल्यापासून दुसऱ्याच्या गाडीत ह्यांचा डोळा मिटलेला बघितला नाही. मामाच्या कारमध्ये पुण्यापर्यंत टक्क जागे. मामा घामाघूम.

आता दिवाळी झाली की वाईचे बाळासो गाडी बघायला येणार आहेत. टूरवाले आहेत. पसंत पडली की घेऊन जाणार.

मी म्हटलं, मी चालवते. लायसन आहे, मामाची कार साताऱ्यापर्यंत चालवते, पॅसेंजर गाडीचा बॅज काढीन. तर म्हणाले, "घाट म्हंजे कालेजचं गॅदरिंग न्हवं." मी हट्टच धरला. शेवटी म्हणाले, "बरं. आदी ह्या डब्यात घाट उतरून दाव. माझा पाय न हालता. मग बगू."

"मग बगू" म्हणजे काय ते सांगितलं नाही. पण नाही तरी म्हणाले नाहीत!

८ सप्टेंबर

तीनदा दरीत. चौथ्यांदा कॉम्प्युटरच बंद पडला. आई म्हणाली, डिझेल संपलं वाटतं.

१० सप्टेंबर

मदिहाला फोन केला. "कोपऱ्यात एफपीएसचा आकडा दिसतोय का? किती?"

"कधी अकरा, कधी सात."

"सात? क्षमा, याला गेम नाही म्हणत, लग्नाचा अल्बम म्हणतात!"

एका सेकंदात किती चित्रं पडद्यावर येतात तो हा आकडा. तीस आली तरी गाडी नीट चालते. तिची गेमवाली गिऱ्हाइकं साठच्या खाली जेवत नाहीत. माझ्या डब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे सगळा भार त्या एकट्या बिचाऱ्या चिपवर. मदिहा म्हणाली, "आहे त्यात भागवायचं. गाडी चालवायला जे लागत नाही ते सेटिंगमधून काढत जा."

पहिल्यांदा सावल्या बंद केल्या. अकराचे चौदा! आण्णांनी बघितलं न बघितलं, "आता काय, कायमचं दुपारचं बारा वाजल्यात व्हय?"

मग गवत काढलं. आई डोकावली आणि म्हणाली, "आगं, मग म्हशीनं काय खायाचं?"

या घरात ऑप्टिमायझेशन करणं सोपं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

सापडलं! खरा चोर सापडला! आरसे!

गेममधला आरसा म्हणजे मागचं सगळं चित्र परत एकदा काढायचं. उजवा, डावा आणि आतला. म्हणजे तेच काम चार वेळा! तिन्ही बंद केले आणि आकडा चौदावरून एकदम सव्वीस. मी उडीच मारली. आण्णांना हाक मारली. वळणं कशी सुरेख घेत होते! पाय जागेवर!

आणि मग त्यांचं लक्ष काळ्या आरशांकडं गेलं. काठी न घेता उठले.

"आरशाबिगर गाडी? आं? मागनं कोण आलं, कोण चढलं, कोण लटाकलंय — कसं कळणार तुला?"

"आण्णा, गेम आहे तो."

"मग गेममदीबी आरसं पायजेत."

मी म्हटलं, बाहेरचे दोन चालू ठेवते, आतला तेवढा बंद राहू दे. त्यातच तर फक्त रिकाम्या सीटा दिसतात. तर म्हणाले, "त्योच महत्त्वाचा. आतल्या आरशात मान्सं बगायची. दांडी गच्च धरून बसली आसतील तर समज आपलं कायतरी चुकतंय."

लय राग आला. एवढे बारा एफपीएस हातातोंडाशी आले होते! दार आपटून बाहेर गेले, ताडपत्रीवरचं पाणी झटकलं, परत आले आणि तिन्ही आरसे चालू केले. चौदा. घ्या!

१७ सप्टेंबर

आरसे ठेवायचे म्हणजे बाकीचं सगळं द्यायचं. ढग काढले. लांबचे डोंगर काढले. पडद्यावरचं चित्र लहान केलं, आता बसची पाटी वाचता येत नाही. ("पाटी वाचल्याबिगर कोण बसंल?" आण्णा.) पॅसेंजर काढले. ("मग गाडी कशाला सोडायची?" आण्णाच.)

आई मागच्या पाटावर येऊन बसली. "मी हाय की पॅसेंजर." थोड्या वेळानं ती कंडक्टर झाली, कारण आण्णा म्हणाले, डबल बेल पडल्याशिवाय गाडी हलायची नाही. आईनं देवघरातली घंटी आणली, तर "देवाची घंटी गाडीला न्हाई वाजवायची!" मग तांब्यावर चमचा. टिंग टिंग. निघालो.

अठरा एफपीएस. ओढ्यावरच्या मोरीच्या वळणाला आण्णांचा पाय हलला. नापास, पण भांडण न होता नापास.

२१ सप्टेंबर, रविवार

आज मदिहानं एक जादू सांगितली. धुकं! गेममध्ये धुकं लावलं की लांबचं दिसत नाही. दिसत नाही म्हणजे काढायला लागत नाही. काढायला लागत नाही म्हणजे कॉम्प्युटरला आराम. "जुन्या गेमवाल्यांची ही आयडिया आहे," म्हणाली. "गरिबी झाकायची असेल तर धुकं सोडायचं."

सोडलं. तेवीस! आरशांसकट!

मला वाटलं होतं आण्णा आता काहीतरी बोलणार. तर ते खुर्चीत पुढं सरकले. चष्मा पुसला. "हां... ह्यो आपला घाट. श्रावणात आसाच आसतोय." मग स्वतःच बोलत राहिले. "हितं डावीकडं पाणी पडतंय... हितं हॉर्न... हितं समोरनं दुधाची गाडी येती, कवाबी येती, ती धरूनच चालायचं..." मी त्यांच्या बोलण्यावर गाडी चालवत गेले. मोरीचं वळण गेलं. पाय हलला, पण आपटला नाही, नुसता टाच उचलून खाली.

"अर्दा नापास," म्हणाले.

२४ सप्टेंबर

क्लासात सर म्हणाले, बँकेच्या परीक्षेला बस की. सगळेच म्हणतात. मामा म्हणतो, मुलीनं वडाप चालवायचं? लोक काय म्हणतील?

लोकांचं मला माहीत नाही. मला एवढं माहीत आहे की लहानपणी आण्णांच्या एसटीत मी इंजिनच्या झाकणावर बसायचे. गरम लागायचं. खाली पोतं टाकून द्यायचे. आण्णा एका हातानं स्टीअरिंग फिरवायचे आणि सबंध घाट हळूहळू वळून बाजूला व्हायचा. तेव्हाच ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नाही, हसले असते.

ती गाडी वाईला गेलेली मला बघवणार नाही. मला चालवायचीय. बास.

२ ऑक्टोबर, दसरा

ताडपत्री निघाली! गाडी धुतली. म्हणजे मी धुतली, आण्णांनी खुर्चीवरून सूचना धुतल्या. बॉनेटला हळदीकुंकू, पुढं झेंडूची माळ, चारी चाकांखाली लिंबं. आता लिंबावरून गाडी पुढं घ्यायला कुणीतरी पाहिजे. आण्णांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. तानाजी कुठं दिसेना. मी दिसत होते! चांगली समोर उभी होते!

चावी दिली. "लिंबावरनं तेवढी. एक हात फुडं. त्याच्या म्होरं न्हाई."

स्वतः शेजारी चढून बसले. गाडी एक हात पुढं गेली. लिंबं फुटली. एवढ्याशा अंतरात पाय दोनदा दाबला त्यांनी!

संध्याकाळी आपटा द्यायला आत गेले, तर कॉम्प्युटरच्या डब्यालाही झेंडूची माळ! दाट, दुपदरी. वर अक्षता. स्टीअरिंगला कुंकू. मी आईकडं बघितलं. आईनं डोळ्यांनीच आण्णांकडं दाखवलं. आण्णा म्हणाले, "हत्यारच हाय त्येबी."

डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला लिहू.

५ ऑक्टोबर

हा काय नवीन ताप? तेवीसचे पाच झाले! सुरू केलं की दहा मिनिटं बरं चालतं आणि मग गाडी चिखलातून ओढल्यासारखी. डब्याच्या आतला पंखा घरघर करतोय. सेटिंगमध्ये काढण्यासारखं काही उरलंच नाही. शेवटी झाडं काढली.

आण्णा : "जांभळं कुणी तोडली?"

"मी."

"त्याखाली बाजारच्या बाया थांबत्यात. आता त्यांनी कुठं थांबायचं?"

झाडं काढूनही पाचच एफपीएस.

८ ऑक्टोबर

क्लासातून आले तर घरात शांतता. कॉम्प्युटर चालू. पडद्यावर बस, उलटी, चाकं वर. दरीत.

"कुणी चालवली?"

आण्णा पंचांग बघत होते. आई पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली.

"आण्णा?"

"बिरेक लागंना तुझा," शेवटी म्हणाले. "मी पाय दाबतोय, आन गाडी मागनं ऐकती. डोळं आदी पोचत्यात, गाडी नंतर येती. वळान दिसलं तवा वळान होऊन गेलेलं." मग मला विचारलं, "तू आशी गाडी खाली आणतीस?"

"हो. वळण दिसायच्या आधीच ब्रेक लावते. दिसेपर्यंत थांबलं तर उशीर होतो."

"कुणी शिकिवलं?"

"कुणी नाही. डबा मंद आहे, दुसरं करणार काय?"

मग म्हणाले, "च्या टाक." चहा टाकला. माझा कप त्यांनी स्वतः पुढं सरकवला.

१२ ऑक्टोबर, रविवार

मदिहा स्कूटीवरून साताऱ्याहून आली. येताना चांदबी नानींच्या हातच्या करंज्या, नानी म्हणजे तिची आजी. करंज्या बाजूला ठेवल्या आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. डब्याचं झाकण उघडलं. आत बघून म्हणाली, "या अल्ला."

आत झेंडू! पाकळ्याच पाकळ्या. पंख्याच्या पात्यांना माळेचा दोरा गुंडाळलेला. हवा आत घ्यायच्या जाळीवर वाळलेल्या फुलांचा थर, आणि चिपवरच्या पत्र्याच्या फटींत तांदळाचे दाणे, कुंकवासकट!

"अगं, याला श्वास घ्यायची जागाच ठेवली नाहीस! तापला की तो स्वतःहून हळू होतो, जळू नये म्हणून. मी तुला सगळ्या सेटिंगा सांगत बसले आणि इथं बघ! कुणी घातला हा हार?"

मी नाव घेतलं नाही. आण्णा पेपर वाचायला लागले. पेपर सरळ होता, पण कालचा होता.

ब्रशनं सगळं साफ केलं. शिवाय मदिहानं पर्समधून एक रॅम काढली आणि आहे त्या रॅमच्या शेजारी बसवली. म्हणाली, ग्राफिक्स कार्ड नसलेल्या डब्याला एकापेक्षा दोन रॅम जास्त मानवतात, बैलजोडी लागते तशी. "दुकानात पडून होती. बदल्यात तुझी गाडी सुरू झाली की मी, अब्बा, नानी — सगळे महाबळेश्वर!"

चालू केलं. आरसे चालू. झाडं परत. सावल्यासुद्धा! सत्तेचाळीस!

आई म्हणाली, "आगं बाई, उजाडलं."

१४ ऑक्टोबर

आज मी असली गाडी चालवली, असली! चित्र कसं सळसळत येतंय! वळण लांबून दिसतंय, जांभळं दिसतायत, रस्त्यावर सावली हलतेय. ब्रेक शेवटच्या क्षणी लावला तरी लागतोय! पहिलं वळण, दुसरं, मोरीचं — कठड्याला घासून, पण निघाले! टायर वाजले. सबंध घाट उतरले. एकदाही दरी नाही. स्टँडात लावली आणि वळून बघितलं.

आण्णांचा पाय फरशीवर रोवलेला. चप्पल निसटून टेबलाखाली गेलेली.

"नापास."

"का पण? एकदाही पडले नाही!"

"हप्त्याभरामागं तू गाडी चालवत हुतीस. आज चित्र बगत हुतीस."

मी इतकी भडकले! मंद असताना नापास, जलद झालं तरी नापास! म्हटलं, तुम्हाला पास करायचंच नाही, गाडी विकायचीच आहे, मग सांगून टाका सरळ! जेवले नाही. आई ताट घेऊन आली, तेही परत पाठवलं. नंतर दोन करंज्या खाल्ल्या, पण त्या मदिहाच्या होत्या.

१५ ऑक्टोबर

खरं सांगायचं तर आण्णांचं बरोबर आहे. त्यांना सांगणार नाही.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

मदिहाला फोन. "जरा कमी करून दे."

"काय कमी?"

"एफपीएस."

"क्षमा, लोक दोन एफपीएससाठी माझ्या पाया पडतात. अजमल नावाचं एक गिऱ्हाईक रोज येऊन रडतं. आणि तू —"

सगळं सांगितलं. हसली नाही. म्हणाली, तीसला कुलूप लाव. कधी सत्तेचाळीस, कधी पस्तीस, असं वरखाली पळण्यापेक्षा तीस तर तीस, पण एकसारखं. तेच हाताला चांगलं लागतं.

कुलूप लावलं. आण्णांना सांगितलं, आता जास्त पळणार नाही, पण उड्याही मारणार नाही. "म्हंजे घाटात एकच गिअर धरायचा तसं?" म्हणाले. हो, तसंच. "मग आदीच का न्हाई धरलास?"



१९ ऑक्टोबर, रविवार

परीक्षा. आईनं तांब्या घासून घेतला होता!

टिंग टिंग. महाबळेश्वर सोडलं. चित्र स्वच्छ होतं, पण मी ते मंद आहे असं समजून चालवलं. वळण दिसायच्या आधी ब्रेक. दुधाची गाडी येणारच असं धरून डावीकडं. हॉर्न. आतल्या आरशात नजर, रिकाम्या सीटा, तरी नजर. मोरीचं वळण आलं, गेलं. केळघर आलं. मेढा आलं. टिंग.

हळूच खाली बघितलं. आण्णांचा उजवा पाय. चप्पल पायात. जागेवर.

"पास?" मी विचारलं.

"पाय बधिर झालता," म्हणाले. "हालणार कसा?"

आणि उठून बाहेर गेले. असा माणूस असतो का! आईनं चमचा तांब्यावर आपटला, डबल बेल नाही, वीस-पंचवीस बेल असतील.

२२ ऑक्टोबर, पाडवा

सकाळी अंगणात गेले तर आण्णा ट्रॅव्हलरमध्ये बसलेले. डावीकडच्या सीटवर. उजवीकडचं दार उघडं.

"कण्हेरपत्तर. सपाट हाय रस्ता. बस."

बसले! खरा क्लच, खरा गिअर, खरा थरथरता दांडा! पहिला गिअर दोनदा अडखळला. कण्हेरपर्यंत गेलो आणि आलो. सबंध वाटेत त्यांचा पाय दाबतच होता. खालचं रबरी पायपुसणं चुरगळून गोळा झालं. पण "उतर" म्हणाले नाहीत.

२७ ऑक्टोबर

रोज सकाळी जातो. काल अर्धा घाट वर. आज पूर्ण वर आणि पूर्ण खाली. माझा गिअर आता अडखळत नाही. त्यांचा पाय मात्र तसाच. मी म्हटलं, गेममध्ये हलला नाही आणि इथं हलतोय. म्हणाले, "त्यात मान्सं नव्हती."

आई म्हणते, नाद सोड, तो पाय सरणावरसुद्धा ब्रेक दाबेल. आण्णा ऐकून हसले. आपल्याच पायाला हसले!

गाडीबद्दल मात्र अवाक्षर नाही. बाळासोंचा फोन येतो, ते "या, या" म्हणतात.

१ नोव्हेंबर

बाळासो उद्या येणार. महाबळेश्वरात त्यांचं काम आहे, तिथूनच गाडीत बसतो म्हणाले, घाटात कशी चालते ते बघतो आणि मेढ्यात बसून व्यवहाराचं बोलू.

मी तानाजीचा नंबर काढला. चालवून दाखवायला कुणीतरी लागणारच. फोन आण्णांपुढं धरला.

"नगं लावू," म्हणाले. "पाणी आन आइल बगून ठेव."

एवढंच. पाणी बघितलं, ऑइल बघितलं. तिन्ही आरसे पुसले. ताडपत्रीची घडी घातली, ती बाळासोंबरोबर द्यायची की माळ्यावर टाकायची ते काही कळेना, म्हणून तशीच पायरीवर ठेवली.

२ नोव्हेंबर, रविवार

महाबळेश्वरात बाळासो चढले आणि पुढं बसले. आण्णा म्हणाले, मी मागं बसतो. गेले, आणि मागून दांडीवर नाणं दोनदा वाजवलं. मी गाडी सोडली.

बाळासो वळणावळणाला उजवा पाय पत्र्यावर दाबत होते! मोरीच्या वळणाआधी ब्रेक लावला आणि सवयीनं आतल्या आरशात बघितलं. मागच्या सीटवर आण्णा. मान काचेला टेकलेली, तोंड उघडं. घोरत होते.

वळणावर हॉर्न दिला. तरी जागे झाले नाहीत.